कुसळाला पाणी पाजा

व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘गवतांचे शास्त्र आणि त्याचे महत्त्व’ असा भारदस्त विषय छापलाय. शीर्षक माझंच, त्यामुळे आयोजकांवर राग नाही. एवढ्या पावसात तुम्ही आलात, म्हणजे एकतर गवताची ओढ असणार, नाहीतर मध्यंतरातल्या चहाची.

आधी तुमची परीक्षा. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती.’ लव्हाळा गवत आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. अरे वा, सगळेच नापास! ओढ्याकाठचा एक दांडा उपटा आणि चिमटीत फिरवून बघा. तीन कडा बोटाला लागतील. गवताचा दांडा गोल किंवा चपटासा असतो, आणि त्यावर पेरं असतात. लव्हाळा नागरमोथ्याच्या कुळातला. तुकोबा चुकले नाहीत हं, ते त्याला गवत म्हणालेच नव्हते. ते आपण ठरवलं. उलट बांबू अस्सल गवत, पण १९२७च्या वन कायद्यानं त्याला झाडांत बसवलं. वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटायला २०१७ उजाडलं. नव्वद वर्षं गवत झाड म्हणून जगलं!

आता माझं दुखणं. आमच्या गावामागे माळ आहे. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं तिथं ‘उजाड माळ हिरवा करू’ असा फलक लावला. (नाव घेत नाही, त्यांतले दोघं समोरच बसलेत.) ऑगस्टचा महिना, गवत गुडघ्याच्या वर. उजाड काय होतं ते फलक लावणाऱ्यालाच ठाऊक. गवत सोलून खड्डे घेतले, गिरिपुष्पाच्या झाडांची रोपं लावली, फोटो काढले. मी म्हटलं, अहो, तुम्ही पवन्या उपटताय, चाऱ्याचं गवत आहे ते. एक तरुण हसून म्हणाला, “सर, गवतच ते, परत येईल की.” शेजारी मेंढरं घेऊन एक धनगर आजोबा उभे होते. त्यांनी काठीच्या टोकानं दाखवत पवन्या, शेडा, मारवेल अशी नावं घेतली, मेंढरू कुठलं गवत आधी खातं आणि कुठलं वाळल्यावरच, तेही सांगितलं. मग मला म्हणाले, “मास्तर, ह्यांना एक दिवस मेंढरामागं धाडा.” मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण एवढा नेमका अभ्यासक्रम मला काही सुचला नव्हता. रोपं बहुतेक मेली. फलक अजून आहे, त्यावर भारद्वाज बसतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. म्हणजे मुख्य विषय आता.

गवताच्या सुमारे १२,००० जाती. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, ऊस सगळे याच कुळातले. पात्याची वाढ बुडाकडून होते, म्हणून जनावरानं शेंडा खाल्ला तरी ते वाढतं. पण चराई अति झाली की शेडा-पवन्या मागे हटतात आणि कुसळी नावाचं टोचरं गवत पसरतं. त्याहीनंतर तीन कुसळांचं ॲरिस्टिडा हे गवत. म्हणजे त्या तरुणाचं अर्धं बरोबर होतं: गवत परत येतं, पण तेच येत नाही. जाती ओळखणाऱ्याला माळाची तब्येत उभ्याउभ्या कळते, आणि रोपं कुठं लावू नयेत तेही.

उसाचं घाईत सांगतो. १९१८ साली कोइमतूरहून आलेला ‘को २०५’ हा लागवडीचा ऊस आणि रानटी काश यांचा संकर. आपल्या फडातला ८६०३२ हा उसाचा वाण त्याच ‘को’ म्हणजे कोइमतूर मालिकेतला. रानातलं ते गवत कुणी आधी ओळखून ठेवलं नसतं, तर संकर कशाशी करणार होते?

दोन मिनिटं? बरं. हे कुसळीचं वाळलेलं कुसळ. खालचा भाग दोरीसारखा पिळलेला, टोक सुईसारखं. तळहातावर ठेवतो, थेंबभर पाणी टाकतो. बघा, पीळ सुटायला लागला, गरगर फिरतंय! जमिनीवर याच फिरण्यानं बी मातीत घुसतं, आणि तुमच्या मोज्यातही.

मागच्या टेबलावर चार भिंगं आणि पुडीत कुसळं आहेत. भिंगं परत ठेवा, गेल्या वेळी एक कमी भरलं होतं.