काम आणि कम

श्रोतेहो, नमस्कार.

सुदानच्या पूर्वेला, तांबड्या समुद्राला लागून गेलेल्या उघड्याबोडक्या डोंगरांत बेजा लोक पिढ्यान्‌पिढ्या उंट आणि शेळ्यामेंढ्या राखत आले आहेत. हदेंदोवा, अमरार, बिशारीन या त्यांच्या प्रमुख शाखा. दक्षिण इजिप्त आणि उत्तर इरिट्रियातही त्यांची वस्ती आहे. त्यांची भाषा बिदावियेत. शतकानुशतके अरबीच्या शेजारी राहिली, तरी ती अरबीची बोली नव्हे. ती सोमाली आणि ओरोमो या पूर्व आफ्रिकेतल्या भाषांच्या कुशिटिक कुळातली असून त्या कुळाच्या उत्तर शाखेत ती एकटीच उरली आहे.

ही भाषा कानानेच समजून घ्यावी. एका उंटाला बेजा माणूस ‘काम’ म्हणतो आणि अनेक उंटांना ‘कम’. स्वर आखूड झाला की एकाचा कळप होतो. एकच शब्द स्त्रीलिंगी वापरला तर त्याचा अर्थ गाय आणि पुल्लिंगी वापरला तर मांस. निर्जीव वस्तूंत मोठी ती पुल्लिंगी आणि लहान ती स्त्रीलिंगी, असाही कल दिसतो. डबा आणि डबी म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही भाषा जिवंत पाहायची तर कॉफीच्या बैठकीत पाहावी. हिरव्या बिया निखाऱ्यांवर भाजायच्या, आल्यासह उखळीत कुटायच्या, अरुंद गळ्याच्या ‘जबना’ नावाच्या भांड्यात उकळायच्या आणि तोंडाशी तंतूंचा बोळा लावून बिनकानाच्या इवल्या पेल्यांत भरपूर साखरेवर ओतायच्या. हे सारे होईपर्यंत वेळ जातो, आणि त्या वेळात पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, याची विचारपूस होते.

१८८४ साली महदी उठावातला सेनानी उस्मान दिग्ना याच्या नेतृत्वाखाली तमाई येथे याच लोकांनी ब्रिटिश सैन्याची चौकोनी फळी फोडली होती. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८४ च्या दुष्काळात, जनावरे गेली आणि असंख्य कुटुंबे पोर्ट सुदानच्या आसपास येऊन राहिली. शाळा अरबीतून, कचेरी अरबीतून. सुदानच्या २००५ च्या संविधानाने देशातल्या सर्व स्थानिक भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटले, परंतु बेजा मूल वर्गात अरबीच शिकत राहिले. मला हे फार लागते, कारण इरिट्रियात याच भाषेतून, रोमन लिपीत, प्राथमिक शिक्षण सुरू झाले होते. म्हणजे ते अशक्य नव्हते.

एप्रिल २०२३ मध्ये राजधानी खार्टूममध्ये युद्ध पेटले, सरकारी कारभार पोर्ट सुदानला हलला आणि हे बंदर जगाच्या बातम्यांत आले. ज्यांच्या डोंगरांच्या पायथ्याशी ते उभे आहे, त्यांच्या भाषेचे नाव मात्र मला त्या बातम्यांत क्वचितच ऐकू आले.