आदिलशाही राजवाड्याचे दार

जुन्या गोव्यात उतरलेला पाहुणा आधी बॉम जिझसला जातो, मग समोरच्या सी कॅथेड्रलला. तिथून मांडवीच्या बाजूला चालत निघालात, तर सेंट कॅजेटन चर्च लागते. रोमच्या सेंट पीटर्सवरून बेतलेला त्याचा घुमट लांबूनच दिसतो. आणि सगळ्यांच्या माना त्या घुमटाकडे वळलेल्या असल्यामुळे चर्चजवळचे हे दार बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

थोड्या पायऱ्या, दोन बाजूंना दगडी खांब, त्यांवर आडवी शिळा आणि लगत कोरीव जाळ्यांचे उरलेसुरले तुकडे. आदिलशहाच्या राजवाड्याचे एवढेच शिल्लक आहे.

विजापूरकरांचे बांधकाम म्हटले की कमानी आठवतात. इथे कमान नाही. उभे खांब आणि वर आडवा दगड, ही देवळाच्या दाराची रीत. आता दगड बघा. आजूबाजूला सगळा तांबडा जांभा, आणि हे दार मात्र काळ्या बेसॉल्टचे. असाच काळा दगड सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबडी सुर्ल्याला, कदंबकाळातल्या महादेवाच्या देवळात दिसतो. अभ्यासक या दाराचे दगड आधीच्या एखाद्या देवळाचे मानतात.

एवढ्यावरून वाद घालायला उठणारे पुष्कळ. त्यांनी थोडे मागेही जावे. 11व्या शतकात जयकेशी पहिला या कदंब राजाने बंदरातल्या अरबांच्या मशिदीच्या खर्चासाठी कर वसूल करायची मुभा दिली होती. तसा ताम्रपटच आहे.

1472 मध्ये बहमनींचा वजीर महमूद गवान याने गोवा जिंकला. बहमनी राज्य फुटल्यावर तो विजापूरच्या वाट्याला आला. मग 1510 उजाडले. फेब्रुवारीत पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने शहर घेतले, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकावले आणि 25 नोव्हेंबरला तो पुन्हा घुसला, तो कायमचाच. पण राहायचे कुठे? आयत्या बिळावर नागोबा! पोर्तुगीज गव्हर्नरांनी आदिलशाही राजवाड्यातच मुक्काम ठोकला.

पुढे साथींनी शहर ओस पडले, 1843 मध्ये पणजी राजधानी झाली आणि इथल्या पडक्या इमारतींचे दगड तिकडच्या बांधकामांना गेले.

एक सांगून ठेवतो. टॅक्सीवाल्याला नुसते ‘आदिलशहा पॅलेस’ म्हणाल, तर तो तुम्हाला पणजीला, मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयापाशी नेऊन सोडेल. त्याचे काही चुकत नाही, तोही आदिलशाहीच वाडा. 1759 मध्ये व्हाइसरॉय तिथे राहायला गेला आणि मुक्तीनंतर आपले आमदारही पर्वरीला नवे विधानभवन होईपर्यंत तिथेच बसत. नागोबा काही एकटे पोर्तुगीजच नव्हेत!

दारापाशी दहा मिनिटे पुरतात. पण खांबांवरचे नक्षीकाम बघायचे असेल, तर सकाळच्या तिरप्या उन्हात या. दुपारी काळ्या दगडावर काही उठून दिसत नाही.

आणि आदिलशाही कमान बघायचीच असेल, तर इथून फोंडा गाठा. 1560 मध्ये बांधलेली साफा मशीद तिथे आहे. मशिदीलगत जांभ्याने बांधलेले चौकोनी तळे आहे. त्याच्या कडांना, पाण्यालगत, कमानदार कोनाडे आहेत.