वाइन संपली की दिसणारं जहाज

म्युनिकच्या म्युझियममध्ये मातीचा एक पसरट कप आहे, रुंदीला साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास आपल्या जेवणाच्या ताटाएवढा, दोन बाजूंना दोन कान आणि खाली बुटका पाय. ग्रीक लोक याला किलिक्स म्हणायचे. पायाच्या कडेवर लिहिलंय, एक्सेकियासने बनवला. अथेन्स, इसवी सनापूर्वी ५३० च्या आसपास. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराचं नाव आज आपण घेतोय, मला तर हेच केवढं मोठं वाटतं.

आता आत बघा. एक जहाज, त्यात वाइनचा देव डायोनायसस आरामात रेललाय, डोलकाठीवर द्राक्षाचा वेल चढलाय, त्याला सात घड, आणि जहाजाभोवती सात डॉल्फिन. गोष्ट अशी की चाच्यांनी या देवाला पळवलं, मग जहाजावर वेल उगवला, घाबरून चाच्यांनी पाण्यात उड्या टाकल्या आणि त्यांचे डॉल्फिन झाले. पण समुद्र कुठंय? एक्सेकियासने एक लाटसुद्धा काढलेली नाहीये, मागे नुसता पोवळ्यासारखा लाल रंग. मला वाटतं समुद्राचं काम त्याने वाइनवर सोडलंय, कप भरला की जहाज बुडतं आणि घोट घोट घेत गेलं की हळूहळू वर येतं.

बाहेरून मोठे दोन डोळे. पिणाऱ्याने कप तोंडाला लावला की समोरच्याला मुखवटाच दिसणार, कपाचे कान ते कान, खालचा गोल पाय म्हणजे उघडं तोंड.

आणि आकृत्यांचा हा काळा रंग, तो रंग नाहीचये! तीच लोहयुक्त माती, फक्त अगदी बारीक गाळून केलेलं पातळ पाणी. त्याने आकृती भरायची, टोकदार हत्याराने बारीक रेघा कोरायच्या, मग भट्टी. आधी हवा खेळती ठेवायची, सगळं लाल. मग झरोके बंद करून ओली लाकडं घालायची, सगळं काळं. शेवटी परत हवा सोडली की उघडी माती पुन्हा लाल होते, पण लेप काचेसारखा घट्ट बसलेला असतो, त्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. सगळं एकाच भाजणीत, आणि हवेचा अंदाज चुकला तर आख्खी मेहनत वाया.

हा कप मिळाला मात्र इटलीत, वुल्चीला. एट्रस्कन, म्हणजे त्या काळी तिथे राहणारे लोक, अथेन्सची भांडी हौसेने घ्यायचे आणि मेलेल्या माणसासोबत थडग्यात ठेवायचे. १८२८ साली तिथे शेत नांगरताना बैलांच्या पायाखालची जमीन खचली आणि खाली थडगं निघालं. जमीन नेपोलियनच्या भावाची, लुसियन बोनापार्टची, त्याने खोदकाम लावलं आणि दोन हजारांवर भांडी बाहेर आली.

कधी म्युनिकला गेलात तर समोरून डोळे बघून पुढे जाऊ नका. थोडं वरून वाकून बघा, पिणाऱ्याचा चेहरा जिथे असायचा तिथून, जहाज तिथूनच दिसतं.