लोकलेखा समितीच्या 15 जागा

[दृश्य: मतपत्रिका. नावांच्या ओळी, शेजारी रिकामे रकाने.]

इथं शिक्का मारायचा नसतो, आकडा लिहायचा असतो. पहिल्या पसंतीच्या नावापुढं 1, मग 2, मग 3. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीवर लोकसभेनं दरवर्षी 15 सदस्य असे निवडून द्यायचे, असं लोकसभेचा नियम 309 सांगतो. राज्यसभेचे 7 जण वेगळे. मंत्र्याला इथं जागा नाही. सरकारी खर्चाची झडती सरकारातल्याच माणसानं घेऊन कशी चालेल?

निवडून यायला मतं किती लागतात? जागा 15, त्यात एक मिळवून 16. लोकसभेचे खासदार 543. 543 भागिले 16, अपूर्णांक सोडून 33. त्यात पुन्हा एक. हा झाला कोटा, म्हणजे एका जागेला लागणारी मतं: 34.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीनं चाललेली आकडेमोड.]

2024चा निकाल या गणितात घालून बघू. भाजप 240: सात चौतीस 238, म्हणजे 7 जागा. काँग्रेस 99: दोन जागांना 68 मतं गेली, उरली 31. समाजवादी पक्ष 37: एक जागा आणि 3 मतं शिल्लक. ती 3 मतं पुढच्या पसंतीनं काँग्रेसकडे वळली की 31चे बरोबर 34 होतात, तिसरी जागा पक्की. तृणमूल 29वर अडते. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे तर 9च. शेवटच्या एकदोन जागांना कोटा न गाठताही माणूस निवडून येतो, कारण तळाचे उमेदवार बाद होत जातात आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. हा हिशेब पक्षांचे खासदार सांभाळणाऱ्या प्रतोदांना तोंडपाठ असतो. त्यामुळं बोलणी आधीच होतात, बहुधा 15 जागांना 15च अर्ज उरतात आणि मतदानाची वेळ येत नाही.

समितीचा अध्यक्ष लोकसभा अध्यक्ष नेमतात. 1967पासून तो विरोधी पक्षाचा असतो. पहिले स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. हा नियम नाही, संकेत आहे. जपायला हवा असा.

[दृश्य: संसद भवन, दालनांचे दरवाजे.]

एकेका खात्याचं काम आणि खर्च तपासणाऱ्या, खात्यांशी संलग्न स्थायी समित्यांवर मात्र निवडणूक नाही, नेमणूक होते. समित्या 24, प्रत्येकीत 31 सदस्य: लोकसभेचे 21, राज्यसभेचे 10. लोकसभेच्या वाट्याला एकूण 504 जागा, म्हणजे मंत्री वगळता जवळपास प्रत्येक खासदाराला एक. खासदार आपली पसंती कळवतो, पण नावं पाठवतो पक्ष. 9 खासदारांच्या पक्षाला माणशी एक समिती मिळाली, तरी 15 समित्यांत लोकसभेतून त्याचं कुणीच नसतं.

खरी हानी होते ती या समित्या उशिरा बनल्यामुळं. 2024चा निकाल 4 जूनला लागला, अर्थसंकल्प 23 जुलैला आला आणि या समित्या बनल्या 26 सप्टेंबरला. त्या वर्षी अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, समित्यांच्या छाननीशिवाय मंजूर झाल्या.

मुदतही एकाच वर्षाची. सप्टेंबरात बनलेल्या समितीच्या हाती एकच अर्थसंकल्प लागतो. खत अनुदानाचे तक्ते वाचायला खासदार शिकतो न शिकतो, तोच नवी यादी निघते आणि त्याचं नाव दुसऱ्याच समितीत गेलेलं असू शकतं.