पाटी कधी लागते?

(पुण्यातल्या एका वाचक मंडळाच्या मासिक कार्यक्रमातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय मागच्या फळ्यावर लिहिलेला आहेच: 'कीवर्ड टुल वापरून लेखांचे विषय कसे शोधावेत'. कीवर्ड टूल म्हणजे लोक इंटरनेटवर कुठले शब्द किती शोधतात ते दाखवणारं साधन. फळ्यावरच्या 'टुल'मधला 'टु' ऱ्हस्व पडलाय. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई तो दीर्घ करायला उठल्या होत्या, मीच त्यांना बसवलं. राहू द्या तसाच, पुढे कामाला येणार आहे.

मला ४५ मिनिटं दिली आहेत. त्यातली पहिली पाच मी पुणेरी पाटीला देणार. पुणेरी पाट्यांवर आपण हसतो, फोटो काढून अमेरिकेतल्या भाच्याला पाठवतो. सगळ्यांना त्यात तुसडेपणा दिसतो. मला दिसतो हिशेब. 'येथे पत्ता विचारू नये' ही पाटी कुणी दुकानाच्या मुहूर्ताला लावत नाही. पहिल्यांदा कुणी पत्ता विचारला की दुकानदार फळीवरून उतरतो, रस्त्यावर येतो, हात करून दाखवतो. दहाव्यांदा बसल्या जागेवरून सांगतो. दोनशेव्यांदा खडू उचलतो. म्हणजे प्रत्येक पाटीच्या मागे दोनशे माणसं उभी असतात आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलेला असतो. संगणकवाले ज्याला सर्च व्हॉल्यूम म्हणतात, तो हाच आकडा. आपल्या पाटीत विषय बरोब्बर सापडलेला असतो, लेख तेवढा वाईट असतो.

आमचे आप्पा चांगले लेख लिहीत. आप्पा म्हणजे माझे वडील. शिक्षण सातवी, व्यवसाय पिठाची गिरणी, शुक्रवार पेठेत. तीन चक्क्या: एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची आणि कोपऱ्यात एक धाकटी, बेसन आणि भाजणीची. मी शाळेतून आलो की डब्यांवर खडूनं आडनावं लिहायचं काम माझ्याकडे. (कुलकर्णी सात होते. त्यामुळे 'कुलकर्णी-वाड्यातले', 'कुलकर्णी-बँक', 'कुलकर्णी-उधारी'. शेवटचं आप्पांनी पुसायला लावलं.)

गिरणीत लोक दळण घेऊन येतात असं तुम्हाला वाटतं. लोक प्रश्न घेऊन येतात, दळण हे निमित्त. 'ज्वारीवर गहू टाकलेत का?' 'पोळ्या वातड होताहेत, पीठ बारीक झालं का?' 'उपासाची भाजणी कशावर दळता?' हा शेवटचा प्रश्न श्रावणात दिवसाला वीसदा. त्याचं खरं उत्तर असं होतं की ज्या चक्कीवर काल बेसन दळलं तिच्यावरच. आप्पा खोटं बोलणारे नव्हते आणि गिऱ्हाईक घालवणारेही नव्हते. त्यांनी पाटी लावली: 'उपासाचे दळण फक्त गुरुवारी सकाळी. आधी चक्की झाडली जाते. झाडल्यावरची पहिली मूठ राजगिरा आमचा.' वीस प्रश्न बंद आणि गुरुवारची रांग सुरू.

पण त्यांची खरी कमाल दिवाळीची. नवरात्र संपलं की आप्पा भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटून खिळ्याला अडकवायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं शब्द लिहायचे. 'प्रमाण.' 'मऊ.' 'विरघळते.' 'कडू लागते.' बाई आली, प्रश्न विचारला, त्या शब्दापुढे एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. मी विचारलं, आप्पा हे काय? ते म्हणाले, 'कोण काय विचारतंय ते बघतोय. डोकं फसवतं रे, शेवटचा विचारलेला प्रश्न मोठा वाटतो.' हे वाक्य मी नंतर बऱ्याच महागड्या शिबिरांत बऱ्याच वाईट भाषेत ऐकलं.

त्यांनी शब्द कुठले लिहिले ते बघा. 'चकली बिघडण्याची कारणे' असं नाही लिहिलं. तसं मी लिहिलं असतं, मी बी.कॉम. झालो होतो. बाई म्हणायची 'मऊ पडते हो', म्हणून 'मऊ'. बाई म्हणायची 'तेलात सोडली की विरघळतेच', म्हणून 'विरघळते'. आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी गिरणीच्या दारात पाटी लागली. मला अजून पाठ आहे. 'चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी मूगडाळ. धणे-जिरे अंदाजाने. धुवून सावलीत वाळवा. प्रत्येक धान्य वेगळे भाजा.' मान हलवू नका काकू, तुमच्याकडे पोहे घालतात हे मला माहीत आहे. आप्पांनी खाली तेही लिहिलं होतं: 'काही जण पोहे घालतात. घालोत.' आणि त्याखाली दोन ओळी: 'मऊ पडते: आच मोठी ठेवता, वरून लाल, आतून कच्ची. विरघळते: मोहन जास्त.'

पहिल्या वर्षी लोक येऊन पाटी नुसती उतरवून घेत आणि निघून जात. आई वैतागली. आप्पा म्हणाले, 'उतरवून घेतलं की भाजणार, भाजलं की दळणार कुठं?' पुढच्या दिवाळीत रांग बोळात वळली. अहो, कोथरूडहून लोक आले दळायला, तेव्हा कोथरूड म्हणजे परगाव.

आता माझं दुःख. ते मी थोडक्यात सांगणार नाही.

आप्पा गेले, गिरणी माझ्याकडे आली आणि मला वाटलं, आपण या पाट्या इंटरनेटवर लावू. धान्य, पीठ, भाजण्या, मेतकूट, सगळ्यावर लेख. आणि मी शहाणा, विषय ठरवायला एका कंपनीला पैसे दिले. नाव सांगत नाही. १८ हजार. तीन आठवड्यांनी त्यांच्याकडून एक तक्ता आला, ४१२ ओळींचा, हिरव्या-लाल रंगांचा. दिसायला दृष्ट लागण्यासारखा. पहिली ओळ वाचली. सर्वांत जास्त शोधला जाणारा, माझ्यासाठी सर्वांत योग्य विषय कोणता? 'घरघंटी किंमत'.

हसताय तुम्ही! गिरणीवाल्याला सांगताहेत की घरच्या घरी दळायचं यंत्र कितीला मिळतं यावर लेख लिही. ज्या यंत्रानं माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली, त्याची जाहिरात मीच करू, तीही फुकट! दुसरी ओळ 'चक्की'. ती हिंदीतही चक्कीच, त्यामुळे त्या आकड्यात निम्मा उत्तर हिंदुस्थान. पुढे कुठेतरी 'मोहन' होतं. आकडा चांगला भरभक्कम. का नसेल? मोहन नावाची माणसं थोडी आहेत का आपल्या देशात? आणि तळाला, ३९० व्या की ३९१ व्या ओळीत, 'भाजणी'. पुढे शून्य.

तक्ता घेऊन आलेला मुलगा गुणी होता हो, हिंजवडीहून दुचाकीवर आला होता, घामाघूम. म्हणाला, 'काका, भाजणीला डिमांड नाही.' मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, उद्या सकाळी आठला ये. उद्या वसुबारस होती. आला बिचारा. मी त्याला दारात उभं केलं. रांग बोळातून वळून पलीकडच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेली होती. म्हटलं, मोज. ह्या सगळ्या शून्य आहेत का? तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, 'काका, ह्या टूलमध्ये दिसत नाहीत.'

या 'दिसत नाहीत'वरच मला आज बोलायचं होतं. का दिसत नाहीत, ते मी नंतर बसून शोधलं. एक तर त्यानं भाषा इंग्रजी ठेवली होती. दुसरं, एकच बाई एका वर्षी 'चकली भाजणी प्रमाण' लिहिते, पुढच्या वर्षी रोमन अक्षरांत 'चकली भाजनी रेसिपी इन मराठी' लिहिते, तिची सून 'चकलीची भाजणी कशी करावी' असं फोनला तोंडानं सांगते. एकाच प्रश्नाचे तीन कपडे. प्रत्येक कपड्याचा आकडा इतका लहान पडतो की टूल त्याला शून्यात काढतं. आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आहेच. बाई, आता फळ्याकडे बघा. 'टुल' आणि 'टूल'. तुम्ही ते दुरुस्त केलं असतं, पण ऱ्हस्व लिहिणारा माणूस प्रश्नासकट पुसला गेला असता.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. बरं, मग जाहीर केलेला विषय आता धावत.

आधी वही, मग टूल. आठवडाभर तुम्हाला लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, रेघा मारा. शिक्षक असाल तर पालक काय विचारतात, डॉक्टर असाल तर पेशंट दाराशी जाऊन परत वळून काय विचारतो. तो परत वळून विचारलेला प्रश्न फार मोलाचा.

मग त्यातला एक शब्द गूगलच्या चौकटीत टाका आणि एंटर न मारता थांबा. खाली सूचना येतात. ही सोय गूगलनं २००४ साली प्रयोग म्हणून सुरू केली, २००८ मध्ये मुख्य पानावर आणली. त्या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात. 'चकली' लिहून जागा सोडा, मग क, का, म, व अशी एकेक अक्षरं टाकून बघा. नंतर हेच रोमन अक्षरांत. हे फुकट आहे आणि निम्मं काम इथेच होतं. शोधल्यावर मध्ये 'लोक हेही विचारतात' अशी पेटी येते, तिच्यातला एक प्रश्न उघडला की खाली आणखी उगवतात. भाऊबंदकीसारखं आहे, संपत नाही, कुठेतरी थांबा.

गूगल ट्रेंड्स. कुठला शब्द कधी जास्त, कधी कमी शोधला गेला ते दाखवतं. २००६ पासून आहे, आकडे २००४ पासूनचे मिळतात. त्यातला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वांत उंच क्षण म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. महाराष्ट्र निवडा, पाच वर्षं निवडा, 'उकडीचे मोदक' टाका. दर गणपतीला एकेक सुळका, मध्ये माळरान. मोदकांचा लेख चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकणारे आपण सगळे. गूगलला तो लेख सापडून वर यायला वेळ लागतो, तेव्हा आषाढात लिहा. आणि तिथे 'शोधशब्द' आणि 'विषय' असे दोन पर्याय येतात; 'विषय' घेतलात तर निरनिराळ्या भाषांतले, निरनिराळ्या लेखनांतले शोध एकत्र धरले जातात. माझ्या तीन कपड्यांच्या बाईला हा थोडासा उपाय.

कीवर्ड प्लॅनर. हेही गूगलचंच, एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधतात ते सांगणारं. हे जाहिरातदारांसाठी केलेलं आहे हे विसरू नका. तुम्ही जाहिरातीवर पैसे खर्च करत नसाल तर ते नेमका आकडा न देता '१०० ते १ हजार' असा पल्ला देतं. १०० आणि १ हजार यांत गिरणी चालण्या-बंद पडण्याइतका फरक आहे. त्यातला 'स्पर्धा' हा रकाना वाचून लोक घाबरतात, 'हाय', म्हणजे जास्त, आहे म्हणून विषय सोडून देतात. ती स्पर्धा जाहिरात देणाऱ्यांमधली! लेख लिहिणाऱ्यांशी तिचा संबंध नाही. या एका रकान्यापायी मी स्वतः ज्वारीवरचे दोन लेख लिहिलेच नाहीत.

पैसे भरून घ्यायची टूलं, सेमरश, एएचरेफ्स वगैरे. वाईट नाहीत. त्यात 'डिफिकल्टी' म्हणून आकडा असतो, म्हणजे त्या शब्दाला आपलं पान वर आणणं किती अवघड. एएचरेफ्सचा आकडा मुख्यतः वरच्या दहा पानांना बाहेरून किती दुवे मिळालेत यावरून काढतात. ती पानं चांगली आहेत की भिकार, हे त्यातून कळत नाही. ते तुम्ही उघडून वाचायचं. मराठीत बऱ्याचदा वरची दहा पानं वाचली की धीर येतो.

आणि शून्य. गूगल स्वतः सांगत आलं आहे की रोजच्या शोधांतले सुमारे १५ टक्के त्यांनी पूर्वी कधीच पाहिलेले नसतात. जे गूगलनंच पाहिलं नाही ते टूलला कुठून दिसणार? म्हणून वहीत दहा रेघा आणि टूलमध्ये शून्य असेल तर मी वहीचं ऐकतो. उलटं असेल, टूलमध्ये दहा हजार आणि वहीत एकही रेघ नाही, तर तो विषय दुसऱ्या कुणाचा तरी आहे. घरघंटीवाल्याचा.

शेवटचं, गूगलचंच सर्च कन्सोल. लेख लिहून झाल्यावरचं हे टूल, पण मला सर्वांत लाडकं. तुमचं पान कुठल्या शब्दांना दिसलं, किती जणांनी टिचकी मारली, कितव्या नंबरावर होतं, हे १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं. तिथे आठव्यापासून विसाव्या नंबरापर्यंतचे शब्द बघत जा. माझ्या थालीपिठाच्या लेखाला लोक 'भाजणीला किडे लागू नये म्हणून काय करावे' असं विचारून येत होते. लेखात त्यावर अक्षर नव्हतं! आप्पांच्या दिनदर्शिकेची मागची बाजूच ही, फक्त रेघा दुसरं कुणी मारतंय. तो लेख मी वेगळा लिहिला, आणि आता...

हो हो, दिसली दुसरी चिठ्ठी. सभागृहाचे काका पंख्याच्या बटणापाशी उभे आहेत, त्यांचीही बरोबर वेळ झाली आहे.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही, म्हणून असं करू. दाराशी कोरे कागद ठेवलेत. प्रत्येकानं एक प्रश्न लिहून द्या, पिठाचा, धान्याचा, चकलीचा, कसलाही. नाव नको. मनात जसा आला तसाच लिहा, शुद्धलेखन करू नका. बाई, तुम्हीसुद्धा. सगळे कागद मी घरी नेणार आहे. पेन नसेल त्यांनी शेजारच्यांचं घ्या, पण परत करा.