अंगातली कणकण नेमकी कोण आणतं? गोष्ट इंटरफेरॉनची

थर्मामीटर अजून नॉर्मल दाखवतोय. पण संध्याकाळपासून अंगात कणकण आहे, सांधे दुखतायत, जेवण नको वाटतंय. आई कपाळाला हात लावते आणि म्हणते, "ताप येणार बहुतेक."

नमस्कार. ही कणकण व्हायरसनं आणलेली, असं आपण धरून चालतो. खरं तर ती बऱ्याच अंशी आपल्याच पेशींनी आणलेली असते. पेशी जे प्रोटीन सोडतात, त्यांतलं एक महत्त्वाचं कुटुंब म्हणजे टाइप वन इंटरफेरॉन. हे मी एवढ्या खात्रीनं सांगतेय, कारण हेच इंटरफेरॉन इंजेक्शनमधून दिलं, की कुठलाही फ्लू नसताना माणसाला काही तासांत थंडी वाजते, ताप येतो, अंग मोडून येतं. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या रुग्णांनी कित्येक वर्षं ही इंजेक्शनं घेतली. त्यांच्याइतकी ही कणकण कुणालाच माहीत नाही.

१९५७ साली लंडनच्या मिल हिल भागातल्या प्रयोगशाळेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांच्यावर उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा व्हायरस टाकला. मग भोवतीचा द्रव काढून ताज्या तुकड्यांना दिला. आता जिवंत व्हायरस आला तरी त्या तुकड्यांत नीट वाढेना! म्हणजे पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं. व्हायरसच्या कामात अडथळा, म्हणजे 'इंटरफिअरन्स', आणणारं ते इंटरफेरॉन. टोकियोत नागानो आणि कोजिमा यांना सशांवरच्या प्रयोगात १९५४ सालीच असंच काहीतरी दिसलं होतं. त्यांची नावं फारशी घेतली जात नाहीत, म्हणून इथं मुद्दाम घेतली.

पेशीला व्हायरस आल्याचं कळतं कसं? तिच्याकडे काही पहारेकरी प्रोटीन असतात. नेहमी दिसत नाही अशा रूपातला आरएनए दिसला, किंवा केंद्रकात असायला हवा तो डीएनए बाहेर सापडला, की ती इंटरफेरॉन बनवून बाहेर सोडते. बहुतेकदा तिला स्वतःला उशीर झालेला असतो. फायदा होतो शेजारच्या पेशींचा. इंटरफेरॉन त्यांच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं आणि आत शेकडो जनुकं चालू होतात. एक प्रोटीन पेशीतली प्रोटीन बनवायची यंत्रणाच रोखतं, दुसरं आरएनएचे तुकडे करतं. व्हायरसकडे स्वतःची यंत्रणा नसते, तो आपलीच वापरतो. ती बंद, तर तो अडकला. पण त्याबरोबर पेशीचं स्वतःचं कामही थांबतं. या पहाऱ्याची ही किंमत.

आता कोव्हिडकडे या. तेव्हा घराघरांत एकच प्रश्न होता : धडधाकट माणूस व्हेंटिलेटरवर गेला आणि त्याच घरातले बाकीचे दोन दिवस खोकून बरे झाले, असं कसं? २०२० मध्ये जाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या आंतरराष्ट्रीय गटानं याच्या उत्तराचा एक तुकडा शोधला, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत हलवून टाकणारा शोध वाटतो. जिवावर बेतलेला न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच टाइप वन इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत? एकाकडेही नाही. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. पुढे असंही दिसलं, की सत्तरीनंतर अशा अँटिबॉडी असणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढतं. पहारेकऱ्यांनी हाक दिली होती, पण ती शेजाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. यात त्या माणसाचा काहीही दोष नव्हता, हे मला मोठ्यानं सांगावंसं वाटतं. अनेक घरं आजही 'आपलं काय चुकलं' म्हणून कुढतायत.

मग सगळ्यांना इंटरफेरॉनच का टोचलं नाही? प्रयत्न झाले. भारतात एप्रिल २०२१ मध्ये झायडस कॅडिलाच्या विराफिन या इंटरफेरॉन इंजेक्शनला आपत्कालीन परवानगी मिळाली होती. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्यांना याच कुटुंबातलं इंटरफेरॉन बीटा देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. इंटरफेरॉनचं काम पहिल्या काही दिवसांचं. रुग्ण दाखल होईपर्यंत व्हायरस पसरलेला असतो आणि नुकसान बरंचसं सूजेमुळे चाललेलं असतं.

आणि ही हाक थांबलीच नाही तर? ल्युपस नावाचा आजार आहे, त्याच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया. सांधे धरतात, चेहऱ्यावर चट्टे येतात, मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो, आणि थकवा असा, की सकाळी उठवत नाही. यांतल्या बऱ्याच जणींच्या रक्तात इंटरफेरॉननं चालू होणारी जनुकं चालूच असतात, व्हायरस नसताना. मेलेल्या पेशींमधल्या डीएनए-आरएनएला त्यांचं शरीर अँटिबॉडी चिकटवतं. काही खास पेशी तो गठ्ठा गिळतात, व्हायरस समजून इंटरफेरॉन सोडतात, त्यानं अँटिबॉडी आणखी वाढतात. "रिपोर्टमध्ये ताप नाही, मग अंग कसलं दुखतंय?" असं घरच्यांनी यांना विचारू नये. ती कणकण खरी असते.

२०२१ मध्ये अमेरिकेत ल्युपससाठी ॲनिफ्रोलुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते इंटरफेरॉनचा रिसेप्टरच अडवतं. बऱ्याच रुग्णांचे चट्टे कमी होतात, स्टेरॉइडचा डोस उतरवता येतो. पण ते घेणाऱ्यांत एक त्रास जास्त दिसतो : नागीण. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला तो व्हायरस वर्षानुवर्षं मज्जातंतूंत दडून असतो, आणि पहारा सैल पडला की काहींच्या अंगावर पुन्हा उठतो. म्हणून हे औषध सुरू करण्याआधी नागिणीच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.