आमचा फ्लॉवर बेड

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय : 'रुग्णसेवेची उपकरणं, भाड्याने की विकत?' मी डॉक्टर नाही, विक्रेताही नाही. घरात दोन मोठी आजारपणं काढली आणि दोन्ही वेळा हा निर्णय चुकला, एवढीच माझी पात्रता.

पहिलं आजारपण अण्णांचं. पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, फाउलर बेडची सोय करा. आमच्या दादानं ऐकलं 'फ्लॉवर बेड'. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, अण्णांसाठी फुलांचा पलंग आणायचाय. आई म्हणाली, "या वयात?"

हसा, हसा. आम्हीही तेवढंच हसलो होतो त्या महिन्यात. आता फाउलर कोण, तर जॉर्ज रायर्सन फाउलर नावाचे अमेरिकन सर्जन. पोटात पू झालेल्या रुग्णाचं डोकं आणि धड उंच ठेवलं, तर पू खाली ओटीपोटाकडे उतरतो, असं त्यांनी 1900 साली मांडलं. त्या बसत्या स्थितीला त्यांचं नाव पडलं आणि तिच्यावरून पलंगाला. याचा आजच्या विषयाशी संबंध नाही, पण मला माहीत आहे म्हणून सांगितलं.

तर पलंग. मी म्हटलं, भाड्यानं आणू. दादा उसळलाच. "बापासाठी भाड्याचा पलंग?" मंडळी, माझं खरं दुखणं हे आहे. आपल्याकडे विकत घेतलं की माया आणि भाड्यानं आणलं की कंजुषी. आणि हा हिशेब कधी मांडायचा, तर हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीसमोर रांगेत उभं असताना!

पलंग विकत आला. दाराची रुंदी कोणी मोजली नव्हती, म्हणून दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. पायथ्याशी दोन हॅण्डल, एक पाठ उचलायला, एक गुडघे. फिरवून झालं की ती आत दुमडायची असतात. आमच्यात दुमडायचं कोणालाच सुचायचं नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या नडगीवर त्याच उंचीवर काळानिळा डाग. अण्णांच्या मात्र नाही. ते तीन महिन्यांत वॉकर घेऊन चालायला लागले आणि म्हणाले, माझा जुना पलंग आणा, याच्यावर आजारी असल्यासारखं वाटतं.

वापरलेला फाउलर बेड कोणी विकत घेईना. आता त्याच्यावर कपड्यांच्या घड्या असतात आणि पाठ उचललेल्या बाजूला मांजर टेकून बसतं.

त्यातून आम्ही धडा घेतला, तोही चुकीचा. पुढे आईची फुप्फुसं दमली, ऑक्सिजन लागू लागला. दादा म्हणाला, आता काहीही विकत घ्यायचं नाही. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, आणलं भाड्यानं, 'महिनाभरापुरता'. ते यंत्र दोन वर्षं घरघरत होतं. भाडं महिन्याच्या महिन्याला जातं, टोचत नाही. बेरीज केली तेव्हा तेवढ्यात दोन यंत्रं आली असती.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, मग मुद्द्यावर येतो, ज्यासाठी तुम्ही आलात.

दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारायचा राहिला : हे किती दिवस लागणार? तो विचारवत नाही, कारण ऐकताना तो 'माणूस किती दिवस?' असा ऐकू येतो. म्हणून शब्द बदला. डॉक्टरांना विचारा, "हाड जुळेपर्यंतची गरज आहे, की हे आता कायमचं?" मग किमतीला महिन्याच्या भाड्यानं भागा. जो आकडा येईल, तेवढ्या महिन्यांच्या पुढे विकत स्वस्त. भाड्यानं घेताना मात्र दुरुस्ती कोणाची, बिघडलं तर बदली यंत्र कधी येणार, अनामत परत कधी, हे कागदावर घ्या. विकत घेतल्यावर दुरुस्ती आपल्याच गळ्यात.

अंगाला, श्वासाला, थुंकीला लागणारं सगळं आपलं, नवं : मास्क, नळ्या, कफ ओढून काढायचे सक्शनचे कॅथेटर, औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझरचा संच. लोखंडी सांगाडा भाड्याचा चालतो. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, आधी भाड्यानं, माणसाला सोसतंय का ते कळेपर्यंत. व्हीलचेअर फ्रॅक्चरपुरती भाड्यानं. कायमची लागणार असेल तर विकत, तीही कमरेचं माप घेऊन. आणि पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर मॅट्रेस, म्हणजे हवेची गादी, आणली म्हणून कूस बदलायची थांबवू नका. गादी मदतनीस आहे, नर्स नाही.

कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन अडवून साधारण नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतो. आतला चाळणीसारखा पदार्थ जुना झाला की घरघर तशीच राहते, ऑक्सिजन मात्र उतरतो. म्हणून भाड्याचं यंत्र घेताना त्यावरचं तासांचं मीटर बघा. अखंड चाललं तर वर्षाला 8760 तास होतात. त्यावरून किती वापरलंय ते कळेल. शुद्धता समोर मोजून दाखवायला सांगा. आणि वीज गेली की यंत्र फक्त ओरडतं, तेव्हा भरलेला सिलिंडर बाजूला हवाच. आमच्याकडे पहिल्या रात्री नव्हता. ती रात्र मी सांगणार नाही, वेळ नाही आणि…

हो, उठतोय. प्रश्न बाहेर विचारा. आणि कोणाला पलंग हवा असेल तर आमच्याकडे आहे. पाठीचं हॅण्डल तेवढं सापडत नाहीये.